पेंडीच्या गोणीतले बूट

आरेतल्या त्या मैदानावर हिवाळ्यात दुपारपर्यंत धुकं रेंगाळायचं, असं मला आठवतं. खरं तर ते धुकं नसावंच, तबेल्यांकडून येणारा शेणकुटांचा धूर असेल. पण आठवणीत सगळे खेळाडू गुडघ्यापर्यंत त्या पांढऱ्यात बुडालेले आहेत आणि पाय न दिसता धावताहेत. मध्येच म्हशी मैदान ओलांडायच्या. त्यांना कोण अडवणार? खेळ थांबायचा आणि शेवटची म्हैस गेली की पुन्हा सुरू व्हायचा.

दादा आमच्या वस्तीच्या टीमचा कॅप्टन. बाबांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, आणि दादा मिळेल ते काम करत होता. तेव्हा फुटबॉलवर पोट भरायची एकच वाट होती. एखाद्या कंपनीच्या टीममध्ये शिरायचं आणि खेळाच्या जोरावर तिथे नोकरीला लागायचं. सकाळी सराव, मग कामावर हजेरी, पहिल्या तारखेला पगार. त्या पगाराची स्वप्नं आई भाकऱ्या थापताना उघड्या डोळ्यांनी बघायची.

दादाकडे बूट होते, जुन्या बाजारातले. पण त्याच्या उजव्या पायाची करंगळी बाहेर वळलेली, ती कुठल्याच बुटात मावायची नाही. मी ब्लेडने त्या बुटाला भोक पाडलं आणि कडेने दाभण घालून गोधडीच्या दोऱ्याने शिवलं. शिवण झाली जाडीभरडी, ओबडधोबड. पण ते बूट घालून तो धावला की वाटायचं, याचे पाय जमिनीला लागतच नाहीत.

त्या वर्षी घाटकोपरच्या एका बिल्डरने स्पर्धेत टीम उतरवली. सगळ्यांना करकरीत नवे बूट, वर पैसे देऊन बाहेरून आणलेले खेळाडू. आमच्या बाजूच्या टीम निम्म्या अनवाणी. पहिल्याच सामन्यात एकाच्या पायावर असा बूट पडला की नख उपटून आलं. संध्याकाळी सगळे कॅप्टन बसले. बाहेरचे खेळाडू दोनच, हे पटकन ठरलं. बुटांवर मात्र भांडण पेटलं.

तेव्हा दादा म्हणाला, "सगळ्यांचे बूट एका गोणीत टाकायचे. कॅप्टननी आळीपाळीने हात घालायचा आणि न बघता एकेक जोडी काढायची. दोन्हीकडे जोड्या सारख्या."

"नंबर नाय जुळला तर?" बिल्डरचा कॅप्टन ओरडला.

"तर अनवाणी खेळायचं. आम्ही खेळतोच ना, यार?"

सगळे हसले आणि नियम झाला. बिल्डरला इथे इमारती बांधायच्या होत्या, लोकांशी वाकडं घेणं त्याला परवडणारं नव्हतं. आता पेपरात वाचते, परदेशातल्या क्लबांनी कमाईपेक्षा जास्त उधळू नये म्हणून केवढे कायदे आणि केवढे वकील! मला हसू येतं. आमच्याकडे पेंडीची एक रिकामी गोणी होती, आणि तिच्यातून निघालेल्या बुटांना सामनाभर पेंडीचा वास यायचा.

गोणीचं तोंड धरायचं काम माझ्याकडे आलं. मुलीला फुटबॉलमधलं काय कळतंय, म्हणजे ती लबाडी करणार नाही, असा हिशेब. मी मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार केला, पण गोणी सोडली नाही.

फायनलला एका कंपनीचे साहेब आले. घडीच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, आज एक मुलगा घेणार. दादाने टॉस जिंकला. पहिला हात त्याचा. त्याने आकाशाकडे बघत हात आत घातला. माझ्या मुठींमधल्या फटीतून मला आतलं दिसत होतं. त्याची बोटं नव्या बुटांवरून सरकत गेली आणि माझ्या शिवणीवर येऊन थांबली. अंगठा त्या भोकावर एकदा फिरला. घे, मी मनात म्हणाले, घे ना रे.

त्याने ते सोडले आणि बाजूची जोडी काढली.

पुढे त्याचे बूट समोरच्या गोलकीपरच्या वाट्याला गेले. भोक बघून तो हसला आणि त्याने ते गोलच्या मागे भिरकावले. सामना संपेपर्यंत ते तिथेच गवतात पडून होते. दादा अर्धा वेळ कडक बुटांत लंगडला, मग अनवाणी खेळला. गवताची म्हातारी उडत होती, ऊन पिवळं झालं होतं आणि दादा त्या उन्हात जड पावलांनी फिरत होता, जसं आपण स्वप्नात धावायला जातो आणि जमत नाही. आम्ही एका गोलने हरलो. साहेबांनी बिल्डरच्या टीममधला मुलगा घेतला. मुलगा चांगला खेळला होता, तेही खरं.

घरी त्याच्या सुजलेल्या करंगळीला मी गरम हळद लावत होते.

"तुझ्या हाताला शिवण लागली होती," मी हळूच म्हटलं. "मी बघितलं."

"लागली ना."

"मग घेतले का नाहीस?"

"न बघता घ्यायचं ठरलं होतं. ते बघणंच झालं असतं गं."

मला इतका राग आला की मी पट्टी करकचून आवळली आणि तो कळवळला. तेवढ्यात आई आतून तिच्या मालवणीत विचारत आली, "काय म्हणालो रे तो सायब?" तिने सकाळपासून वाट बघितली होती.

दादाने एकदा माझ्याकडे बघितलं.

"दुसरा माझ्यापेक्षा चांगला होता, आई."

मी पट्टीची गाठ मारली. आई वारली तोवर तिला हेच ठाऊक होतं, की तिच्या मुलापेक्षा कुणीतरी चांगला होता. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आणि दादासारखा माणूसही मला पुन्हा भेटलेला नाही.