मलाबी आत घ्या

छगन गेल्याची बातमी मला वर्गात कळली. लतीफ पिंजारी दारात येऊन उभा राहिला. खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली होती, पण तो कामाला निघालेला दिसत नव्हता. "शेठ गेले, मास्तर," एवढंच म्हणाला. खडू हातात तसाच धरून मी बाजारापर्यंत चालत गेलो. त्याला आता महिना होऊन गेला. छगनशेठ म्हणजे आमच्या गावातला कापडवाला. त्याचे आजोबा मारवाडातून आले, आमच्या मंठ्याच्या बाजारात गाठोडं मांडून बसले आणि मग इथलेच झाले. माझा तो शाळेपासूनचा सोबती. स्वभावाने भित्रा. हो, भित्राच! कुत्रं भुंकलं तर गल्ली बदलायचा. आणि तरी त्याच्याबद्दल सांगायचं आहे ते त्याच्या धाडसाचंच.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाची सत्ता गेली, आम्ही पेढे वाटले. रझाकारांनी गावाला केलेला छळ आठवला की अजून अंगावर काटा येतो. पण पेढ्यांची चव जिभेवर असतानाच नवा फौजदार आला आणि धरपकड सुरू झाली. कुणी कुणाचंही नाव सांगावं, त्याला उचलावं. खरे रझाकार केव्हाच पळाले होते, सापडला लतीफ. गुन्हा काय, तर रझाकारांच्या ठाण्याला त्याने गाद्या भरून दिल्या. त्या बंदूक रोखून भरून घेतल्या होत्या, हे कुणी विचारलं नाही. मारहाणीचा आवाज चौकीबाहेर यायचा. बाजार खाली मान घालून आपलं काम करत राहिला... मीही.

एका सकाळी छगनने दुकान उघडलंच नाही. पट्ट्यापट्ट्यांच्या गादीपाटाचा तागा काखेत मारून तो चौकीच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. समोरच्या हॉटेलातून मी ते पाहिलं.

"साहेब, त्या गाद्यांचं कापड माझं हाय. लतीफ गुन्हेगार असंल तर मीबी बराबर गुन्हेगार. मलाबी आत घ्या."

"वेड लागलंय का, शेठ? जा, दुकान उघडा."

"न्हाई साहेब. मला आत घ्या, न्हाई तर त्याला सोडा."

फौजदाराने यातलं काहीच केलं नाही. छगन दिवसभर पायरीवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून घेऊन आला. चौथ्या दिवशी गवळी शेजारी येऊन बसला. रझाकारांच्या ठाण्याला दूध तो घालत होता. मग तेली आला. मग न्हावी, आणि तो तर हात जोडून म्हणाला, "साहेब, मी त्यांच्या गळ्याला वस्तरा लावला अन् जित्ते सोडले. माझा गुन्हा बिलकुल सगळ्यात मोठा!" चौकीतले शिपाईसुद्धा हसले. फौजदार मात्र चिडला. रझाकारांच्या ठाण्याच्या दारावरून जप्त केलेली पत्र्याची पाटी त्याने आतून आणून पायरीवर आपटली.

"ही उर्दू पाटी कुणी रंगवली? तोही इथं बसलाय का?"

ती पाटी मी रंगवली होती. गावात माझ्यासारखं वळणदार उर्दू अक्षर कुणाचं नव्हतं, म्हणून ठाण्यातून बोलावणं आलं आणि मी भीतीपोटी जाऊन ती रंगवून दिली होती. त्या घटकेला मी गर्दीत उभा होतो. छगनने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माहीत न्हाई, साहेब," तो म्हणाला. कापडाचा रंग जाणार असेल तर गिऱ्हाइकाला आधीच सांगणारा हा माणूस! मी दोन पावलं पुढे जायला हवं होतं. पण सरकारी नोकरी होती, घरी पाच तोंडं होती... मी घरी निघून गेलो.

पुढे वरचे साहेब दौऱ्यावर आले आणि पायरीवरची ही रांग पाहून विचारते झाले. "आरोपी हायेत साहेब, आत घ्या म्हणून राह्यलेत," हवालदार म्हणाला. दोन दिवसांनी लतीफ लंगडत बाहेर आला. त्याच ताग्यातून त्याने छगनच्या दुकानाला गादी करून दिली. छगन अकरा वर्षं तिच्यावर बसला. मी गेलो की म्हणायचा, "बस की गादीवर." मी आपला स्टुलावर बसायचो. पाटीचा विषय त्याने कधी काढला नाही. मीही काढला नाही, आणि याची मला लाज वाटते.

गेल्या आठवड्यात लतीफ ती गादी पिंजायला आला. भाभी, म्हणजे छगनची बायको, आत होत्या, दुकानात आम्ही दोघंच. माझ्याने राहवलं नाही.

"लतीफ, ती पाटी मी रंगवली होती."

धनुकलीचा आवाज थांबला नाही. "ठावं हाय, मास्तर. तुमचं अक्षर कोन वळखत न्हाई? फौजदारानं मलाबी विचारलं होतं. लई विचारलं..." कापूस उडत राहिला. "मी म्हनलं, मला वाचता येत न्हाई."

गादी शिवून झाल्यावर त्याने ती जागेवर अंथरली, हाताने दाबून सारखी केली आणि म्हणाला, "बसा आता."

मी बसलो. हे सगळं तिथेच बसून लिहिलं आहे. छापून आल्यावर अक्षर कुणाचं ते कळणार नाही, म्हणून शब्दांत सांगतो. ठाण्याची ती पाटी मी रंगवली होती.