तारा मामाच्या, भाव दुकानदाराचा

मी अक्षरं पत्रकांवरून शिकले. धानखरेदी केंद्रावर वजनात मारलं जातं, कालव्याच्या शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही, असल्या विषयांवर माझे वडील पत्रकं काढायचे आणि उरलेली घरात राहायची. कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवायची, छापील बाजू वाचायची. त्यामुळे खरं असेल ते मोठ्याने सांगावं, चारचौघांत सांगावं, अशी सवय मला फार लवकर लागली. त्या सवयीमुळे मामाच्या हातात आलेली गिटार गेली. हे मी आधीच कबूल करते.

माझे मामा तिरोड्याकडे राहतात. घरामागे धानाचे बांध आहेत आणि बांधांच्या टोकाला वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. शेती करून ते दिवाळीनंतरच्या नाटकांत स्टील गिटार वाजवतात. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातातला पोलादी तुकडा तारांवरून सरकवायचा आणि उजव्या हाताने छेडायची, अशी ही गिटार. बोटांनी तारा दाबायच्याच नसतात. आमच्या भागात नाटकातली नायिका रडायला लागली की तिच्या आधी मामांची गिटार रडते, हे लहान पोरांनाही ठाऊक आहे.

गेल्या हंगामात नाटकाच्या सामानाच्या गाडीत त्यांच्या गिटारीवर लाकडी बाक पडला. तिचं पोट उभं चिरलं. नाटक बसवणाऱ्या माणसाने निरोप धाडला, की दिवाळीपर्यंत बाजा आणा, नाहीतर यंदा कीबोर्डवाला गिटारही वाजवेल. कीबोर्डात गिटारीचं बटन असतं म्हणे. मामीने मला फोन करून सांगितलं, की तुझा मामा जेवून नाही राहिला, ताट तसंच परत येते.

मग कुणीतरी सांगितलं, की गोंदियात जुन्या वस्तूंच्या दुकानात एक स्टील गिटार टांगलेली आहे. मी मामांना घेऊन गेले.

दुकानात कंदील, पितळी हंडे, बंद पडलेले रेडिओ होते. गिटार मान बांधून खिळ्याला लटकवलेली होती आणि तिच्या गळ्यात पुठ्ठा होता, त्यावर ‘व्हिंटेज’. हा शब्द बघूनच माझं डोकं तापलं. आमच्याकडे जुनं झालेलं माणूस घरी बसवतात आणि जुनी झालेली वस्तू मात्र भिंतीवर चढवून तिचे जास्त पैसे घेतात. बोदलकसा तलावाच्या बाजूला एक नवं रिसॉर्ट होणार आहे, दहा वर्षं इथे टांगलेली ही गिटार तिथल्या भिंतीसाठी दोनतीन लोक बघून गेले, असं दुकानदार कौतुकाने सांगत होता.

भाव विचारला तर त्याने जो आकडा सांगितला, तो आम्ही मनात धरून आलो होतो त्याच्या आतच होता. मी मामांना कोपर मारलं. देऊन टाकायचे आणि निघायचं. पण मामांनी मान हलवली. वाजवणाऱ्या लोकांत एक रीत आहे. वाजवल्याशिवाय बाजाचा भाव बोलायचा नाही. दुसऱ्याचा बाजा घ्यायला जाताना आपल्या तारा न्यायच्या, त्या चढवायच्या, सूर लावायचा, मालकासमोर वाजवायचं आणि मग दोघांनी मिळून ठरवायचं. न ऐकता घेणं म्हणजे बाजाचाही अपमान आणि देणाऱ्याचाही. मामांच्या पिशवीत नव्या तारांचं पाकीट होतं.

त्यांनी आधी गिटार मांडीवर घेतली आणि एक डोळा मिटून मानेवरून बघितलं. मान चौकोनी, एका लाकडाची, सरळ. मग बोटाच्या हाडाने पोटावर ठिकठिकाणी ठोकलं, आत काही सुटलेलं खडखडतं का ऐकलं. भोकाला नाक लावून वास घेतला. मी विचारलं कायले, तर म्हणाले, “ओल गेली असन तं कुबट मारते. हिला नुसता लाकडाचाच वास आहे.”

मी आदल्या दिवशी फोनवर गिटारीबद्दल बरंच पाहून ठेवलं होतं. तारा लाकडापासून फार उंच आहेत, हा मोठा दोष असतो, असं मी ठसक्यात सांगितलं. दुकानदारानेही तार दाबून बघितली, ती खालपर्यंत पोचेना, आणि तो जरा ओशाळला. मामा हसले.

“पोरी, दाबाची थोडीच आहे. स्टीलले उंचच लागते. खाली असती तं मीच नसती घेतली.”

गंजलेल्या तारा त्यांनी काढल्या, स्वतःच्या सहा चढवल्या. एक खुंटी घसरत होती, तिला खडू लावला. अर्धा तास गेला. दुकानदाराने चहा मागवला. दोन गिऱ्हाइकं थांबली. मग मामांनी बोटांत पत्र्याच्या नख्या घातल्या, खिशातून पोलादी तुकडा काढला, आणि वाजवलं.

मी त्या सुराचं वर्णन करणार नाही. एवढंच सांगते, की पितळी हंडा बघायला आलेल्या बाईने हंडा खाली ठेवला. पोलाद वरपासून खालपर्यंत गेलं, मध्ये कुठे खरखर नाही. दुकानदाराने मला विचारलं, कैसा है? आणि मी, पत्रकांवर वाढलेली, सगळ्यांसमोर खरं खरं सांगितलं. मान सरळ आहे, पोट जिवंत आहे, असलं लाकूड आता मिळत नाही, दहा वर्षं भिंतीला टांगूनसुद्धा तिचा आवाज गेला नाही. मामांनी माझ्याकडे बघितलं, पण मी थांबले नाही.

दुकानदार विचारात पडला. मग त्याने नवा आकडा सांगितला. पहिल्याच्या दुपटीहून जास्त, आमच्या खिशाबाहेरचा.

“वो तो शोपीस का रेट था, काका,” तो अगदी गोड आवाजात म्हणाला. “चालू हालत का रेट अलग रहता है.”

मी भडकले. चालू हालत कुणी आणली, असं विचारलं. तारा आमच्या, खडू आमचा, हात यांचे. तीस वर्षं या माणसाने गावोगाव वाजवलं, ते शिकणं तुमच्या गिटारीत कधी जमा झालं? यांच्या मेहनतीने भाव चढला आणि तो चढलेला भाव यांनीच द्यायचा? दुकानदार शांत ऐकत होता. बेटी, इतना गुस्सा नहीं करते, म्हणाला. हे वाक्य मी धानखरेदी केंद्रावर ऐकलं आहे, पंचायतीत ऐकलं आहे. लुटणाऱ्याचा आवाज नेहमी आपल्यापेक्षा खाली असतो आणि वेडी आपण दिसतो.

“काऊन भांडून राहिली,” मामा म्हणाले. त्यांनी दुकानदाराकडे बघितलं. “चालू हालत माझी आहे ना? मंग मी सोबत घेऊन चाललो.”

आणि ते तारा सैल करायला लागले. एकेक खुंटी उलटी फिरवायची, तार काढायची, बोटांभोवती गोल गुंडाळायची, पाकिटात ठेवायची. सहाही. गिटार पुन्हा मुकी झाली, तेव्हा मी म्हटलं, आता झाली ना शोपीस, द्या पहिल्या भावात.

तो खरंच हसला. “अब तो मैंने सुन लिया, बेटी.”

परतीच्या गाडीत मामा खिडकीबाहेर बघत होते. लवकर पिकणारं हलकं धान कापायला आलं होतं. मी विचारलं, मी गप्प राहिले असते तर? ते म्हणाले, तू गप्प राहिली असती तरी गिटार बोललीच ना. गाव जवळ आल्यावर म्हणाले, “घ्यासारखी होती.”

त्यांनी गावच्या सुताराकडून आपल्या चिरलेल्या गिटारीला आतून पट्टी लावून घेतली. सहा तारांचा ताण दिला की पोट वर येतं, म्हणून त्यांनी चारच चढवल्या. यंदाच्या नाटकात कीबोर्डवाला आहेच. मामांना फक्त नायिकेच्या गाण्याला बसवतात. ते चार तारांवर वाजवतात आणि लोक येऊन पाठ थोपटतात, की वा, चार तारांत एवढं. माझे वडीलही म्हणाले, यावर काहीतरी चांगलं लिही, लोकांना उमेद येईल.

मी उमेदीचं लिहिणार नाही. पाकिटात दोन तारा उरल्या आहेत आणि त्या चढवायला एक सरळ मानेचं, जिवंत पोटाचं लाकूड गोंदियात खिळ्याला टांगलेलं आहे. मामांनी कमीत भागवलं, याचं कौतुक करणाऱ्यांनी आधी त्या दुकानात जाऊन यावं. आणि मला पुन्हा कुणी विचारलं, कशी आहे गिटार, तर मी पुन्हा खरंच सांगणार. खोटं बोलून स्वस्तात घ्यायला शिकावं लागत असेल, तर शिकायचं आम्हीच का?