सही दुसऱ्याची चालणार नाही

माझ्या मोठ्या बहिणीवर अन्याय झाला. गेल्या नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, सकाळी अकराला दहा कमी असताना, अमरावतीच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत, बायकांच्या बाजूच्या चौथ्या बाकावर. तिला वगळणारा हात आमच्या बाबांचा होता. ज्या कागदापायी वगळलं तो कागद मी लिहिलेला होता. मंडळीचं नाव मी इथे देणार नाही. दिलं तर बाकीच्या मंडळ्या म्हणतील, ते त्यांचं, आपलं नाही.

बहीण अकोल्याला नर्स आहे. तीन वर्षांपूर्वी तिने बाळापूरच्या एका शिक्षकाशी रजिस्टर लग्न केलं. घर बौद्ध, माणूस सरळ. महिन्याभरात आमच्या पंचांची बैठक झाली. मंडळीचा कारभार पाहणारे ते पंच, आणि निवृत्त मास्तर असलेले बाबा त्यांच्यातले एक. ठरलं असं की तिला प्रभुभोजनातून दूर ठेवायचं. प्रभुभोजन म्हणजे महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी मिळून घ्यायचा पावाचा तुकडा आणि द्राक्षरसाचा इवलासा ग्लास. ज्याला ते मिळत नाही तो भिंतींच्या आत असला तरी घराबाहेरचा. परत यायचं तर माफीनामा लिहून द्यायचा आणि मंडळीसमोर उभं राहून वाचायचा.

माफीनाम्याचा नमुना कोण लिहिणार? मंडळीच्या सेक्रेटरींनी मला फोन केला. कॉलेजपासून मी पत्रकं लिहीत आलो होतो: वसतिगृहाचं पाणी, बसचे पास, परीक्षेची फी. माझ्या पत्रकांनी दोनदा प्राचार्यांना खोलीबाहेर आणलं होतं. तुझा हात कागदावर बसलेला आहे, असं सेक्रेटरी म्हणाले आणि मी फुगलो. कुणासाठी लिहितोय हे मला पक्कं माहीत होतं. तरी राजापेठच्या एका झेरॉक्सच्या दुकानात, ट्यूशनच्या पोरांच्या गर्दीत उभ्या उभ्या, वीस मिनिटांत लिहून दिलं. नमुनाच तर आहे, अशी समजूत घातली स्वतःची. एवढीच माझी बाजू आहे, आणि ती लंगडी आहे.

बहिणीने सही केली नाही. वरच्या रकान्यात तिचं लग्न पाप म्हणून लिहिलेलं होतं.

मागच्या वर्षी तिचं मूल सहाव्या महिन्यात पोटातच गेलं. ज्या हॉस्पिटलात ती ड्युटी करते तिथल्याच वॉर्डात ती आठ दिवस पडून होती. सासू बाळापूरहून डबा घेऊन यायची, घरी नेल्यावर तिनेच न्हाऊ घातलं, रात्री उशाशी झोपली. आमच्याकडून कोण गेलं? मी एकदा गेलो, अर्धा तास. आई असती तर गेली असती. ती सहा वर्षांपूर्वीच वारली. बाबा गेले नाहीत.

नंतर बहिणीने मला फोनवर एकच विचारलं. "देव माह्यावर रागावला असन काय रे? म्हनून नेलं काय त्यानं?"

मी तिला देव प्रेमळ पिता आहे वगैरे सांगितलं. चार मुद्दे होते. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, बरं. ती त्या नोव्हेंबरच्या रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीने अमरावतीला आली ती याच प्रश्नाचं उत्तर घ्यायला, हे मला फार उशिरा कळलं. माझ्या मुद्द्यांनी तिचं भागलं नव्हतं. त्या बापाच्या घरात आपल्याला अजून जागा आहे का, हे तिला डोळ्यांनी पाहायचं होतं.

कुणालाच न कळवता ती येऊन बसली. मागच्या बाकावरची एक मावशी शेजारणीला म्हणाली, एकटीच आली ते बरं झालं, सासर घेऊन आली असती तर ग्लास कमी पडले असते. दोघी हसल्या. गीत झालं, प्रार्थना झाली, पंच पावाचे ट्रे घेऊन बाकांकडे उतरले. बायकांच्या बाजूला बाबा होते. मी पुरुषांच्या बाजूला, मधल्या वाटेच्या कडेला, त्यांच्यापासून चार हातांवर.

बाबा चौथ्या बाकापाशी थांबले. बहिणीने हात पुढे केला होता. बाबा तिच्याकडे न पाहता हळूच म्हणाले, "कागद आनला काय?"

"नाई बाबा."

ट्रे तिच्या डोक्यावरून पलीकडच्या बाईकडे गेला. बहिणीने हात मागे घेतला नाही, तो तसाच थोडा वेळ हवेत राहिला. मग तिने तो मांडीवर ठेवला. माझ्या तोंडात पावाचा तुकडा होता. मी उठलो नाही, ओरडलो नाही, थुंकलोही नाही. गिळला.

भक्ती संपल्यावर मी तिला गाडीवर बसवून राजापेठच्या स्टॉपवर सोडायला गेलो. रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही, उलट माझी खेचायला लागली.

"तो कागद तूच लिवला ना?"

मी विचारलं, कशावरून.

"तुह्याशिवाय सदर कोन लिवते? माफी मागतानाही सदर. मले वाटलं, खाली जिल्हाधिकाऱ्याले प्रत पाठवली की काय."

मी हसलो आणि हसल्याची लाज वाटली. मग तिने सांगितलं की चूक कबूल करायला ती कधीच मागे नव्हती. न सांगता लग्न केलं, बाबांचं मन मोडलं, त्याची माफी ती रोज मागते. पण ज्या घरच्या मायने आपल्याला न्हाऊ घातलं त्या घराला पाप कसं म्हणायचं? बस आली. खिडकीतून ती म्हणाली, जेवून घे. तेवढंच.

मी परत गेलो तो भांडायलाच. चर्चमागच्या खोलीत बाबा एकटेच प्रभुभोजनाचे ग्लास धूत होते. ते काम पंचांचंच असतं. मी सगळं बोललो. बायबलातला, घर सोडून गेलेल्या उधळ्या मुलाचा दाखला तुम्हीच संडे स्कूलमध्ये आम्हाला शिकवला. तो मुलगाही वाटेत माफीनामा पाठ करून आला होता. बापाने तो पुरता ऐकूनसुद्धा घेतला नाही, लांबून दिसताच धावला, गळ्यात पडला. म्हातारा माणूस, भर गावातून धावला. आणि तुम्ही कागद मागता?

बाबा पाठमोरेच होते. "मी गेलो होतो सही करायले," ते म्हणाले.

"कशावर?"

"तिच्या कागदावर. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात. म्हटलं, पोरगी माही हाय, चुकली असन तं मी चुकलो. मी उभा राहतो समोर, मी वाचतो, मले काय बोलायचं ते बोला. सेक्रेटरीनं खालची ओळ दाखवली."

"कोनती?"

"तू लिवलेली."

ती ओळ मला तोंडपाठ होती. सदर माफीनामा संबंधित व्यक्तीने स्वतः वाचून स्वतः सही केल्यासच ग्राह्य धरला जाईल, तिच्या वतीने अन्य कोणाचीही सही चालणार नाही. ती घालायला मला कुणीच सांगितलं नव्हतं. कॉलेजात एकदा आमच्या नावाने भलत्यांच्याच सह्या घेऊन प्रकरण मिटवलं गेलं होतं, तेव्हापासून मी कुठल्याही कागदात पळवाट ठेवत नाही. इथेही ठेवली नाही. बंद करायचीच ती माझी सवय.

आता सांगा, ख्रिस्ती माणसाने याहून मोठा मूर्खपणा कुठला करावा? आमचा सगळा विश्वास ज्यावर उभा आहे तो दुसऱ्याने आमच्या वतीने भोगलेल्या शिक्षेवर. निरपराध्याने पुढे होऊन म्हटलं की यांचं पाप माझ्यावर घाला, आणि बापाने ते मान्य केलं. म्हणून आम्ही लेकरं. आणि आम्हीच नियम करतो की दुसऱ्याची सही चालणार नाही. आम्ही म्हणजे मी. माझा बाप लेकीच्या जागी उभा राहायला गेला होता आणि मी त्याला माझ्या चांगल्या मराठीने बाहेर काढलं.

तरीही मी बाबांना सोडलं नाही. म्हटलं, ओळ माझी होती, पण आज ट्रे तर तुमच्याच हातात होता. त्यांनी एक कोरडा ग्लास पुन्हा पुसला.

पंचांच्या पुढच्या बैठकीत जाऊन मी नमुना परत मागितला. सेक्रेटरी म्हणाले, नमुना तुझा असेल, ठराव मंडळीचा आहे. एका पंचांनी विचारलं, नियमच नसले तर देवाचं भय कुणाला राहील. मी म्हटलं, माझ्या बहिणीला भयच आहे हो, दुसरं काही उरलंच नाही. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. तिथून पुढच्या. बाबा प्रत्येक बैठकीला खाली मान घालून बसतात. मी मोहिमा जिंकलेला माणूस आहे, पण ही हरत चाललोय.

बाबा तिच्या वतीने सही करायला गेले होते हे मी बहिणीला फोनवर सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिने एवढंच विचारलं:

"मंग ट्रे काहून नाई देल्ला?"

या वेळी माझ्याकडे मुद्दे नव्हते. त्यानंतर ती आमच्या काय, अकोल्याच्याही कुठल्या मंडळीत गेलेली नाही. देव रागावला का, हे ती आता विचारत नाही. रागावलाय असंच तिने आमच्यावरून धरून घेतलंय.

तुम्ही हे वाचताय आणि तुमच्या मंडळीच्या कपाटात असा नमुना आहे. नसेल तर तोंडी आहे. येत्या रविवारी भक्तीच्या आधी तो मागा आणि सगळ्यांसमोर फाडा. मग ज्या माणसाला तुम्ही त्या नमुन्यापायी बाहेर ठेवलंय त्याच्या घरी स्वतः जा. त्याच्याकडून एक शब्द लिहून घेऊ नका. त्याला आणा, आणि ट्रे तुमच्या हातात असेल तर आधी त्याला द्या.