पातळ फाइल

परवा कपाट आवरताना खाकी कव्हराचा आणि जुन्या डिंकाचा वास आला, आणि माधव नगरच्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमधली माझी हाताने लिहिलेली प्रॅक्टिकलची फाइल हाती लागली. दोन हजार साल तेव्हा उजाडायचं होतं. पावती, हजेरी, निकाल असे आमच्या प्रोग्रामचे सात क्लास, म्हणजे कोडचे सात वेगवेगळे भाग होते आणि प्रत्येकात तारीख छापायची होती. सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषेत एका क्लासला दोन पालक क्लास चालायचे, त्यामुळे तारखेचा कोड एकदाच लिहिला की सगळ्यांना वारशाने मिळायचा. मग जावा ही नवी भाषा आली, आणि तिथे पालक एकच; ती जागा आधीच दुसऱ्या क्लासने घेतलेली. आमचे हिंदीभाषक सर म्हणाले, "वही कोड हर क्लास में उतार दो." सगळ्यांनी सात वेळा उतरवला. मी तारखेचा वेगळा क्लास केला आणि बाकीच्या सातांना तो नुसता वापरायला दिला. फाइल पातळ झाली, आणि नंबर, म्हणजे मार्क, तर जाडी पाहूनच मिळायचे. सरांनी ती हातावर तोलली. "नंबर कटेंगे." मी म्हटलं, "काट लीजिए सर, दोबारा नहीं लिखूँगी." घरी बाबा म्हणाले, "अगं, उतरवून टाक ना, दोन तासांचं तर काम आहे." मी फाइलला हात लावला नाही. नंबर कापले गेले. पुढच्याच आठवड्यात सरांनी सांगितलं, साल आता दोनऐवजी चार आकडी छापायचं. सगळ्यांनी सात-सात पानं फाडून पुन्हा लिहिली. मी एकच पान बदललं आणि फाइल सरांपुढे ठेवली. त्यांनी नंबर वाढवले नाहीत, मीही मागितले नाहीत. परवा मीही ती हातावर तोलून पाहिली. अजूनही तिच्यात एकही ओळ वाढवावीशी वाटत नाही.