नानांच्या दारात रुतलेला गणपती

मंडळी, आज माझा सूड पूर्ण झाला आणि मला जराही लाज वाटत नाहीये.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीने वर्गणीतून रस्ता करायचं ठरवलं. अर्धा माझ्याकडे दिला, अर्धा नानांकडे. नाना म्हणजे आमचे शेजारी, जुने ठेकेदार आणि गणेश मंडळाचे अध्यक्ष. विसर्जनानंतर गोदावरीच्या घाटावर लोकांनी टाकलेली थर्माकोलची मखरं मी टेम्पो भरून आणली, चुरा करून गरम डांबरात मिसळली आणि माझा अर्धा रस्ता त्याचाच केला.

नाना सगळ्यांसमोर म्हणाले होते, "इंजिनीअरबाई, कचऱ्याचे रस्ते नाय होत. मखर देवामागंच बरं."

यंदाच्या पावसात माझा रस्ता जसाच्या तसा राहिला. नानांच्या साध्या डांबराची चाळण झाली.

आज दुपारी विसर्जनाची मिरवणूक निघाली आणि गणपतीच्या ट्रॅक्टरचं चाक नेमकं नानांच्याच दारातल्या खड्ड्यात रुतलं. ढोल थांबले. मी माइक मागून घेतला.

"नाना, बाप्पा तुमच्या दारातून हलेनात! रस्ता फारच आवडलेला दिसतोय."

सगळी गल्ली हसली. चाक निघाल्यावर नाना हळूच जवळ आले.

"डांबरात थर्माकोल किती घालायचं, तेवढं सांगा की."

"सांगते ना. उद्या सकाळी पोतं घेऊन घाटावर या. आधी मखरं गोळा करायची."

येतो म्हणालेत. मी कॅमेरा चार्जिंगला लावलाय.

आता तुम्हीच सांगा, तो फोटो मंडळाच्या फळ्यावर लावू, की थेट पुढच्या वर्षीच्या आराशीत?