वाडीत जन्मलेली माणसं

ओहायोत जन्मलेली सगळी मोठी माणसं आमच्या गुरुजींना तोंडपाठ होती. राष्ट्राध्यक्ष कोण कोण, चंद्रावर कोण जाऊन आलं, विमानाच्या नादी कोण लागलं. ओहायो हे अमेरिकेतलं एक राज्य. गुरुजी स्वतः ठाण्याच्या पुढं गेलेले नव्हते. कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये कुणी पाहुणा जाडजूड इंग्रजी पुस्तक टाकून गेला, ते रद्दीतून यांच्या हाती आलं. कुठल्या राज्यात कोण जन्मलं, याच्या याद्या होत्या त्यात. बाकीची राज्यं वाळवीनं खाल्ली होती, ओहायो तेवढं शाबूत राहिलं. म्हणून ते ओहायो गुरुजी. तोंडावर म्हटलं तरी रागवायचे नाहीत.

आमची वाडी कळंबच्या वरच्या अंगाला, डोंगराला चिकटून. शाळा एका खोलीची, गुरुजी एकटे. प्रार्थना झाली की रोज एक ओहायोवाला व्हायचाच. "हा बघा, शेतकऱ्याचा पोरगा. याच्या घरी दिवा नव्हता." मग पुस्तक मिटून ठरलेलं वाक्य यायचं. "तिथली माती काय सोन्याची नाय रं. लिहून ठेवणारं कुणीतरी होतं, एवढंच." आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नसे. गुरुजी रंगात आले की पाढे टळतात, एवढं मात्र कळायचं.

तशीच एक यादी त्यांनी शाळेच्या मागच्या भिंतीवर आमचीही केली. वर तैलरंगात मोठं लिहिलं, 'वाडीत जन्मलेली माणसं'. खाली बुधीआजी, सुईण, हिच्या हातून एकही बाळंतीण दगावली नाही. मग नवश्या, यानं पुरातून चौघांना काढलं. मी दहावी झाले तेव्हा माझंही नाव आलं. 'हिरा, वाडीतली पहिली नर्स.' आई म्हणाली, "गुरुजी, आजून कुठं झालीय ती?" गुरुजी ब्रश पुसत म्हणाले, "होणार हाय म्हणून तर लिहिलंय."

आता त्यांची चूक सांगते. दिवाळी झाली की आमची माणसं वीटभट्टीवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. निम्मी पोरं तिकडेच होतात. मी झाले कुंभिवलीजवळच्या भट्टीवर. मालकाची बायको भली, तिनं नर्सबाई आणली आणि तिथल्या ग्रामपंचायतीत माझी नोंदही करवली. पुढं शाळेत नाव घालताना गुरुजींनी आईला खोदून खोदून माझी जन्मतारीख विचारली. दुसऱ्या शाळांतले गुरुजी सरसकट एक जून टाकून मोकळे व्हायचे, हे तसले नव्हते. पण जन्मस्थळ विचारल्यावर आई म्हणाली, "भट्टीवं झाली." गुरुजींचा पेन थांबला. "भट्टी काय गाव हाय का? पोर वाडीची," म्हणाले आणि वाडीचं नाव लिहिलं. सगळ्याच पोरांचं त्यांनी असं केलं. पुढच्या शाळांनी तेच उतरवून घेतलं.

बारावीनंतर सरकारी नर्सिंगला माझा नंबर लागला. कागद तपासणारा कारकून काही वाईट माणूस नव्हता. त्यानं दोन दाखले शेजारी शेजारी ठेवले. जन्माच्या दाखल्यावर कुंभिवली, शाळेच्या दाखल्यावर वाडी. "एक माणूस दोन गावांत कसं जन्मेल, बाई? दुरुस्त करून आणा." आठवड्याची मुदत दिली. गुरुजी तेव्हा निवृत्त झालेले, तरी ऑफिसं पालथी घालत हिंडले. एकदा साहेब रजेवर, एकदा रजिस्टर कपाटात आणि किल्ली दुसऱ्याकडे. मुदत गेली. माझी जागा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळाली. पुढच्या वर्षी पुन्हा बस, असं सगळे म्हणाले. पण त्याच हिवाळ्यात बाबा भट्टीवर पडले ते उठलेच नाहीत, आणि मी साजगावच्या कारखान्यात पॅकिंगला लागले.

जागा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुजी घरी आले होते. मी त्यांना बसा म्हटलं नाही. म्हटलं, "तुमच्या त्या ओहायोपायी माझा जन्म खोटा झाला. आधी भिंतीवरचं नाव पुसा." ते एवढंच म्हणाले, "भट्टी लिहायला हात धजला नाय गं, हिरा." मग चुन्याचा डबा आणून, उन्हात उभं राहून त्यांनी स्वतःच्या हातानं माझं नाव पुसलं. शाळेची ती भिंत आमच्या दारातून दिसते, मी दारात उभी राहून बघत होते. आई म्हणाली, "पानी तरी दे त्यांना." मी आत निघून गेले.

त्यानंतर गुरुजींनी एकच काम धरलं. शाळेत नाव घातलेल्या एकेका पोराची आई गाठायची, कुठल्या भट्टीवर झाला ते विचारायचं, तिथली नोंद शोधायची, नसेल तर करवून घ्यायची आणि शाळेचं रजिस्टर दुरुस्त करून घ्यायचं. कर्जत झालं, खालापूर झालं. माझ्या धाकट्या भावाचे कागद त्यांनीच जुळवले, म्हणून तो आज पोलिसात आहे. गुरुजी दिसले की मी रस्ता बदलत असे. राग माझा होता आणि तो मी जपला, यात खोटं कशाला सांगू?

गुरुजी वारले ते कुंभिवलीच्या फाट्यावर, टमटमची वाट बघत बसले असताना. भर दुपारी. त्यांची कापडी पिशवी भावाच्या हाती आली, ती त्यानं माझ्यासमोर उघडली. आत पोरांचे कागद गावागावांप्रमाणे सुतळीनं बांधलेले. तळाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक वेगळा होता. माझा दुरुस्त झालेला शाळेचा दाखला. 'जन्मस्थळ : वीटभट्टी, कुंभिवली.' खालची तारीख तीन वर्षांपूर्वीची, बाकी सगळ्या कागदांच्या आधीची. म्हणजे इतरांच्या आधी त्यांनी माझंच काम केलं होतं. मग तीन वर्षं तो कागद घेऊन ते आमच्या वाडीवरून येत-जात राहिले, आणि माझ्या दारात पाय ठेवायची त्यांना हिंमत झाली नाही.

भिंतीवरचा चुना तैलरंगावर टिकला नाही, 'पहिली नर्स' पुन्हा दिसायला लागलंय. ते मी आता पुसत नाही. दाखला ट्रंकेत ठेवलाय. कधी काढून बघितला की नर्सिंग आठवत नाही. त्या उन्हात त्यांना पाणी दिलं नाही, तेवढंच आठवतं.