मारबतीत गेलेली बाहुली

शालू गेली तेव्हा मी गोंदियाच्या दवाखान्यासमोर टपरीवर चहा पिऊन राहिलो होतो. सख्खा थोरला भाऊ, आणि चहा पीत होता... लोक नावं ठेवतात, ठेवू देत. तिनंच मला वॉर्डाबाहेर काढलं होतं. काविळीनं हळदीसारखी पिवळी झालेली, डोळे उघडायचं त्राण नाही, पण सिस्टरला एवढं स्पष्ट म्हणाली, "दादाले बाहेर बसवा." अर्ध्या तासानं तिच्याजवळ बसलेली मावशी रस्ता ओलांडून आली आणि नुसती मान हलवली. दीड महिना झाला त्याला. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं म्हणतात. मला ते जमणार नाही, आणि शालूला चाललंही नसतं.

डॉक्टर व्हायला ती युक्रेनला गेली होती. देवरीकडच्या आमच्या गावातून इतक्या लांब गेलेली पहिलीच. तिथं एका म्हातारीकडे खोली घेऊन राहायची. तिला बाबुस्या म्हणायची, म्हणजे आजी. बीट सोलता सोलता ती म्हातारी हिला गोष्टी सांगायची आणि ही फोनवर आमच्या आईला. जंगलात फिरणाऱ्या पोरी, पुढून देखण्या आणि मागं पाठच नाही, आतडी उघडी. लेकरं पळवणारी चेटकीण, जी शेवटी स्वतःच्याच भट्टीत भाजून निघते. "असं अभद्र कायले आयकतेस वो?" आई करवादायची, पण शेवट ऐकल्याशिवाय फोन ठेवायची नाही.

मग लढाई लागली. शिक्षण अर्ध्यावर टाकून पोरं मिळेल त्या गाडीनं निघाली. म्हातारी मात्र हलली नाही. निघताना तिनं डोक्याचा रुमाल फाडून शालूला एक बाहुली करून दिली. तिला सुई लावायची नसते, कापड गुंडाळून नुसत्या दोऱ्यानं बांधायचं. डोळे, नाक, तोंड काही काढायचं नाही. तोंड दिलं की आत कोणीही शिरतं म्हणे, आणि बिनतोंडाची बाहुली घर राखते. शालू घरी पोचली. दोन महिन्यांनी म्हातारीचा फोन लागेना. पुढे कळलं की ती इमारतच उरली नाही. त्या दिवसापासून बाहुली शालूच्या उशाशी असायची, आणि रविवारी संध्याकाळी गल्लीतली लेकरं ओसरीवर गोळा करून ती म्हातारीच्या गोष्टी आपल्या बोलीत सांगायची. गोष्टीतलं जंगल मात्र आमच्याकडच्या सालेकशाचं, मोहाच्या झाडांचं.

गाव ते गावच. बिनतोंडाची बाहुली पाहून कुजबूज सुरू झाली. तिरोड्याहून पाहुणे आले, पोरगी पसंत होती, पण त्यातली एक बाई खोलीत डोकावली आणि चहाही न घेता सगळे उठले. माझं डोकं फिरलं. तीन एकर धानाचं घर आमचं, त्यावर जादूटोण्याचं नाव लागलं तर पुढं कोण उंबरा चढणार? त्याच आठवड्यात पोळा होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्याकडे मारबत काढतात. दाराशी लावलेल्या पळसाच्या डहाळ्या, फाटकं, तुटकं, घरची रोगराई, सगळं ओरडत शिवेबाहेर नेऊन टाकायचं. शालू झोपली होती. मी तिच्या उशाची बाहुली उचलली, डहाळ्यांत खुपसली आणि "घेऊन जाय गे मारबत" असं सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडलो. खरं सांगतो, तेव्हा मला बरं वाटलं होतं.

उठल्यावर तिनं मला विचारलं. मी म्हटलं, मले का मालूम? गल्लीतल्या लेकरांनी मात्र पाहिलं होतं. ती गुडघाभर चिखलातून शिवेवर गेली. नाला भरून वाहत होता. तीन दिवस काठाकाठानं शोधत राहिली, आणि मी शेताच्या धुऱ्यावरून बघत राहिलो. भांडली नाही, रडली नाही. फक्त माझ्याशी बोलणं टाकलं. मी ताटावर बसलो की ती उठून जायची. एकदा मी लाल रुमालाची नवी बाहुली बांधून आणली, तर तिनं ती चुलीत घातली. माझंही नाक वर, मी माफी मागितली नाही. दीड वर्ष घालवलं असंच, गाढवासारखं.

दवाखान्यात त्या सकाळी शेवटी मी तोंड उघडलं. म्हटलं, शालू, चुकलो मी, एकदा माफ केलं म्हण. तिनं ऐकलं, नक्की ऐकलं, आणि सिस्टरकडे मान वळवली. पुढचं सांगितलंच आहे.

गेल्या रविवारी लेकरं पुन्हा ओसरीवर जमली. कोणी बोलावलं नव्हतं. शेजारची पिंकी शालूच्या जागी बसून गोष्ट सांगत होती आणि मी आत दाराआड उभा होतो. एका बहिणीची बाहुली असते, घर राखणारी. तिचा भाऊ ती चोरतो आणि शिवेबाहेर फेकतो... ही गोष्ट म्हातारीची नव्हती. गोष्ट संपली तसा बाहेर येऊन पिंकीला विचारलं, त्या भावाचं शेवटी काय होते वो? चेटकीण भाजून निघते, तर याचंही काही होत असेल. निदान नाल्यात बुडत असेल.

"काहीच नाही होत, काका," ती म्हणाली. "शालूताईनं सांगितलं, तो जिवंतच रायते."